रेग्युलेटर ‘तीन’वर, म्हणजे वारा किती? विज्ञान प्रदर्शनातल्या विंड टनेलचा पंखा असा ठेवा ताब्यात

विज्ञान प्रदर्शनाचे दिवस जवळ आले की गावोगावच्या शाळांत पुठ्ठे, थर्माकोल आणि जुन्या पंख्यांची शोधाशोध सुरू होते. ठिबकचं मॉडेल आणि ज्वालामुखी यांच्या शेजारी एखाद्या टेबलावर विंड टनेल, म्हणजे वाऱ्याचा बोगदाही असतो. एक लांब पेटी, एका टोकाला पंखा, मधल्या भागाला काच आणि काचेआड टांगलेला विमानाचा छोटा पंख. पंखा सुरू झाला की तो पंख उचलला जातो आणि बघणारी पोरं टाळ्या वाजवतात.

मग परीक्षक येतात आणि विचारतात, “आत वाऱ्याचा वेग किती आहे?”

“सर, रेग्युलेटर तीनवर आहे.”

“तीन म्हणजे किती?”

बरीच मॉडेलं इथंच अडकतात. पेटी सुबक असते, रंगरंगोटी झकास असते, पण वारा किती आहे ते कुणी मोजलेलं नसतं. विंड टनेलमध्ये पंख्याचा वेग कमी-जास्त करणं हे अर्धं काम झालं. आत प्रत्यक्ष किती वारा वाहतोय हे सांगता येणं, हे उरलेलं अर्धं. दोन्ही कामं गावातल्या वस्तूंत होतात. फक्त कोणत्या पंख्याला कोणता उपाय चालतो हे आधी समजून घ्यावं लागतं, नाहीतर मोटर जळते किंवा त्याहून वाईट, पोराला शॉक बसतो.

वेग बदलायचाच कशाला?

विमान वाऱ्यातून जातं, बोगद्यात मात्र विमान जागेवर राहतं आणि वारा त्याच्यावरून जातो. बंगळुरूच्या नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीजमध्ये असा १.२ मीटरचा मोठा बोगदा आहे. देशातल्या विमानांचे आणि रॉकेटांचे नमुने तिथं तपासले जातात. शाळेतली पेटी म्हणजे त्याचंच धाकटं भावंड.

या पेटीत दोन प्रयोग दाखवायचे असतात आणि दोघांना लागणारा वारा वेगळा असतो. अगरबत्तीचा धूर पंखावरून कसा वळतो ते दाखवायचं असेल, तर सेकंदाला एक-दीड मीटर एवढा सावकाश वारा लागतो. त्याहून जोर झाला की धूर फाटतो आणि काहीच दिसत नाही. पंख उचलला जातो हे दाखवायला मात्र सेकंदाला चार-पाच मीटर वारा हवा. एकाच वेगावर दोन्ही दाखवायला गेलं की एक प्रयोग नक्की फसतो.

शिवाय खरं विज्ञान वेग बदलल्यावरच कळतं. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. ताशी ३० किलोमीटरच्या वाऱ्यात गोठ्याचा पत्रा नुसता वाजतो आणि ६० च्या वाऱ्यात तोच पत्रा खिळ्यासकट निघतो, त्याचं कारण हेच. पेटीतला पंख सेकंदाला अडीच मीटर वाऱ्यात ४ ग्रॅमने उचलला गेला, तर पाच मीटरला तो १६ ग्रॅमच्या आसपास उचलला गेला पाहिजे. हे आकडे मुलांनी स्वतः मोजून दाखवले, तर ते मॉडेल शोभेचं राहत नाही, तो प्रयोग होतो.

पंखा शेवटच्या टोकाला बसवा

बरेच जण पंखा पुढं लावून हवा आत फुंकतात. पात्यांतून निघालेली हवा पिळा घेत येते आणि आतला पंख डुगडुगतो. छोट्या पेटीत सोपा मार्ग म्हणजे पंखा शेवटच्या टोकाला, तोंड बाहेर करून बसवायचा. तो हवा ओढून घेतो आणि पुढच्या तोंडातून येणारी हवा बरीच शांत असते.

पुढच्या तोंडावर नळ्यांची जाळी लावली की वारा सरळ होतो. यासाठी भंगारात पडलेली ठिबकची १६ मिलिमीटरची लॅटरल उत्तम. आतून धुऊन १० सेंटिमीटरचे तुकडे कापायचे आणि मधमाशीच्या पोळ्यासारखे एकमेकांना चिकटवून बसवायचे. ३० सेंटिमीटर चौकोनी तोंडाला साधारण ३५० तुकडे लागतात, म्हणजे ३५ मीटर नळी. वेळखाऊ काम आहे, पण दोन-चार मित्र बसले की एका दुपारी उरकतं.

घरातला २३० व्होल्टचा पंखा असेल तर

टेबल फॅनला एक-दोन-तीनची बटणं असतील, तर तीच वापरावीत. मोटरच्या गुंडाळीतच तशी सोय केलेली असते. एक्झॉस्ट फॅनला अशी बटणं नसतात. त्याला पंख्यासाठी बनवलेला, टप्प्याटप्प्याचा रेग्युलेटर जाणत्या वायरमनकडून बसवून घ्यावा.

इथं एक चूक हमखास होते. दुकानात बल्बसाठीचा डिमर मिळतो, तो आणून पंख्याला जोडला जातो. बल्ब आणि मोटर एकसारखी वागत नाहीत. डिमर खाली आणला की मोटर गुणगुणते, गरम होते आणि एका टप्प्याला थांबून जाते. पाती थांबली तरी गुंडाळीतून करंट चालूच असतो आणि तिला गार करणारा वाराही बंद झालेला असतो. जळका वास येतो तो इथंच.

दुसरी चूक नव्या पंख्यांबाबत होते. रिमोटवर चालणाऱ्या बीएलडीसी पंख्याच्या आत स्वतःचं सर्किट असतं. त्याला बाहेरून रेग्युलेटर लावू नये, वेग रिमोटनेच बदलावा.

तिसरी अडचण आपल्या लाईनची. संध्याकाळी मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज बसतं. २३० चं १९० झालं, तर साध्या पंख्याच्या मोटरचा जोर जवळपास एक तृतीयांशाने घटतो. सकाळी ‘तीन’वर मिळालेला वारा संध्याकाळी ‘तीन’वर मिळेलच असं नाही. प्रदर्शनाच्या हॉलमध्ये तर एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर दहा मॉडेलं चालतात. म्हणून रेग्युलेटरवरचा आकडा हा वाऱ्याचा आकडा नव्हे. ‘चार’वरचा वारा ‘दोन’च्या दुप्पट असतो, असंही नाही.

फवारणी पंपाची बॅटरी, १२ व्होल्टचा पंखा

मुलांच्या हाताला सगळ्यात सुरक्षित म्हणजे १२ व्होल्ट. सोलर सेटबरोबर मिळणारा १२ व्होल्टचा छोटा पंखा अनेक घरांत असतो आणि बॅटरीवरच्या फवारणी पंपात १२ व्होल्टची बॅटरीही असते. १५ वॉटचा पंखा सव्वा अँपिअरच्या आसपास करंट घेतो. ८ अँपिअर-तासाची चांगली बॅटरी त्याला चार तास सहज चालवते. हॉलची लाईट गेली तरी प्रयोग थांबत नाही.

बॅटरी मात्र मोठ्या माणसानेच काढून द्यावी. पंपाच्या टाकीला, नळीला आणि कप्प्यालाही औषधाचा अंश लागलेला असतो. बॅटरी ओल्या फडक्याने पुसून, मग कोरडी करून द्यावी आणि हात साबणाने धुवावेत. पंप शाळेत नेऊ नये.

अनेक पंपांवर फवारा कमी-जास्त करायचं बटण असतं. फिरवलं की मोटर हळू किंवा जोरात चालते. त्याच जातीचं सर्किट वेगळंही मिळतं. दुकानात ‘१२ व्होल्टचा पीडब्ल्यूएम स्पीड कंट्रोलर’ असं सांगावं. वडिलांचा पंप उघडून त्यातलं काढायची गरज नाही.

हे सर्किट करंट अडवत नाही. ते करंट सेकंदाला शेकडो-हजारो वेळा चालू-बंद करतं. झोक्याला दर वेळी हात न देता अधूनमधून दिला तरी झोका चालू राहतो, फक्त उंच जात नाही, तसंच हे. चालूचा वेळ जास्त ठेवला की पंखा जोरात, बंदचा वेळ वाढवला की पंखा सावकाश. करंट अडवायचा नसल्याने सर्किट फारसं तापत नाही.

कॉम्प्युटरमधला चौकोनी पंखा किंवा ब्रश नसलेला सोलर पंखा अशा चालू-बंदला कधी कधी कुरकुरतो. त्याला ‘बक कन्व्हर्टर’ नावाची छोटी पट्टी बरी. तिचा स्क्रू फिरवला की १२ चे ९ किंवा ७ व्होल्ट करता येतात. तिचा दुसरा फायदा असा की बॅटरी थोडी उतरली तरी ठरवलेले व्होल्ट ती कायम ठेवते, त्यामुळे वारा एकसारखा राहतो. पंखा सुरू करताना वेग जास्त ठेवावा, पाती फिरू लागली की मग कमी करावा. थांबलेल्या पंख्याला हलायला जास्त जोर लागतो.

दोन गोष्टी विसरू नयेत. बॅटरीच्या लाल वायरला बॅटरीजवळच २ किंवा ३ अँपिअरचा फ्यूज लावावा. १२ व्होल्टचा शॉक जाणवत नाही, पण दोन वायरी एकमेकींना चिकटल्या तर बॅटरी वायर वितळवते. आणि जीपच्या किंवा कारच्या रेडिएटरचा पंखा आणू नये. तोही १२ व्होल्टचाच असतो, पण एवढा करंट ओढतो की लहान बॅटरी आणि सर्किट दोन्ही बाद होतात.

वायरला हात न लावता : पाटाच्या दाऱ्याची युक्ती

ज्यांना विजेच्या भानगडीत पडायचंच नाही त्यांच्यासाठी एक उपाय आहे, आणि दारं धरलेल्या माणसाला तो लगेच पटेल. पाटाला पाणी तेवढंच असतं. एका सरीचं पाणी कमी करायचं असेल तर आपण विहिरीवरची मोटार हळू करत नाही, वरच्या अंगाला दुसरं दारं मोडतो.

पेटीतही तसंच करायचं. काचेचा भाग आणि पंखा यांच्या मधल्या जागेत बाजूला १० सेंटिमीटर चौकोनी खिडकी कापायची आणि तिला सरकणारं झाकण बसवायचं. झाकण बंद असेल तेव्हा सगळी हवा पुढच्या तोंडातून येते आणि वारा जोरात असतो. झाकण सरकवलं की पंखा थोडी हवा खिडकीतून ओढतो आणि काचेच्या भागातला वारा मंदावतो. पंखा आपला एकाच वेगाने चालू राहतो, मोटरवर ताण येत नाही. झाकणाच्या कडेला पट्टी चिकटवून सेंटिमीटरच्या खुणा कराव्यात.

पुढचं तोंड पुठ्ठ्याने झाकूनही वारा कमी होतो, पण तो वेडावाकडा होतो आणि पंख्याची हवा कोंडते. खिडकीच बरी.

वारा मोजायचा कसा?

यंत्र विकत घ्यायची गरज नाही. दोन पद्धती पुरतात.

पहिली, मोबाईल आणि रुईची म्हातारी. बांधावरच्या रुईच्या बोंडातून उडणारी ती पांढरी म्हातारी. पेटीच्या काचेवर ५० सेंटिमीटर अंतरावर दोन उभ्या रेघा माराव्यात. मोबाईलचा कॅमेरा स्लो मोशनवर, सेकंदाला १२० फ्रेमवर ठेवून काचेसमोर स्थिर बसवावा. पुढच्या तोंडातून म्हातारी सोडावी. नंतर व्हिडिओ एकेक फ्रेम पुढं सरकवत पहिल्या रेघेपासून दुसऱ्या रेघेपर्यंत किती फ्रेम लागल्या ते मोजावं. ६० ला त्या आकड्याने भागलं की वेग मिळतो. १२ फ्रेम लागल्या तर वारा सेकंदाला ५ मीटर, २४ लागल्या तर अडीच मीटर, ४० लागल्या तर दीड मीटर. दर वेळी पाच म्हाताऱ्या सोडून सरासरी घ्यावी.

दुसरी, टेबल टेनिसचा चेंडू. ४० मिलिमीटरचा, २.७ ग्रॅम वजनाचा हा चेंडू बारीक दोऱ्याने पेटीच्या छताला टांगावा आणि मागे कंपासपेटीतला कोनमापक चिकटवावा. वारा चेंडूला ढकलतो आणि दोरा तिरका होतो. दोरा सरळ रेषेपासून १० अंश कलला तर वारा सेकंदाला साधारण ३.६ मीटर, २० अंशाला ५.२, ३० अंशाला ६.६ आणि ४० अंशाला जवळपास ८ मीटर. मीटरच्या आकड्याला ३.६ ने गुणलं की ताशी किलोमीटर होतात. सेकंदाला तीन मीटरच्या खाली चेंडू फारसा हलत नाही, तिथं म्हातारीच खरी.

दोन्ही पद्धतींचे आकडे शेजारी लिहावेत. ते थोडे पुढं-मागं होतील. का झाले, हे मुलाला सांगता आलं तर परीक्षकांना त्याहून चांगलं उत्तर नको असतं.

राइट बंधूंची शहाणी युक्ती

विमान उडवणाऱ्या राइट बंधूंनीही असाच बोगदा बनवला होता. १९०१ साली अमेरिकेतल्या डेटन गावी, आपल्या सायकलच्या दुकानात. लाकडी पेटी ६ फूट लांब आणि आतून १६ इंच चौकोनी. दुकानातली यंत्रं ज्या इंजिनावर चालायची त्याच इंजिनावर पंखा. पंखावरचा जोर मोजायचा काटा त्यांनी हॅकसॉ ब्लेडचे तुकडे आणि सायकलच्या आऱ्यांची तार वापरून केला होता. त्या पेटीत त्यांनी पंखांचे सुमारे २०० आकार तपासले. १७ डिसेंबर १९०३ रोजी त्यांचं विमान उडालं, त्यामागं या पेटीतले आकडे होते.

इंजिनावरचा पंखा थोडाफार कमी-जास्त होणारच. त्यावर त्यांनी तोड काढली. पंख किती उचलला जातो हे नुसतं मोजण्याऐवजी, त्याच वाऱ्यात त्यांनी सपाट पट्ट्याही ठेवल्या आणि पंखाच्या जोराची तुलना पट्ट्यांवरच्या जोराशी केली. वारा वाढला तर दोन्हीकडे वाढणार, घटला तर दोन्हीकडे घटणार. तुलना मात्र खरीच राहणार.

व्होल्टेज वर-खाली होणाऱ्या गावात हीच युक्ती कामाची आहे. विमानाच्या पंखाबरोबर चेंडूही त्याच पेटीत, पण पंखाच्या आड येणार नाही असा बाजूला टांगून ठेवावा. पंखाचा आकडा घ्यायचा त्याच क्षणी चेंडूचा कोन लिहायचा. लाईट कमी झाली तरी त्या वेळी वारा किती होता ते चेंडू सांगतो. मोजताना पेटीच्या तोंडासमोर गर्दी करू नये. राइट बंधू मोजणी चालू असताना खोलीत मोठी वस्तू हलवू देत नसत आणि मोजणारा माणूस दर वेळी त्याच जागी उभा राहत असे.

वहीत काय लिहावं

एका पानावर चार रकाने आखावेत. रेग्युलेटर किंवा झाकणाची खूण, म्हातारीने आलेला वेग, चेंडूचा कोन आणि पंख किती ग्रॅम उचलला गेला तो आकडा. ग्रॅम मोजायला पंख एका काडीवर बसवून ती काडी खाली ठेवलेल्या लहान डिजिटल काट्यावर उभी करावी. पंखा बंद असताना काटा शून्यावर आणावा, सुरू झाल्यावर जेवढे उणे ग्रॅम दिसतील तेवढा पंख उचलला गेला. पाच वेगवेगळ्या वेगांचे पाच आकडे लिहिले आणि वेग दुप्पट झाल्यावर जोर चौपटीच्या जवळ गेला, की प्रयोग सिद्ध झाला. एखादा आकडा चुकीचा वाटला तर खोडू नये, पुन्हा मोजून शेजारी लिहावा.

हे मात्र अजिबात करू नका

मिठाच्या पाण्यात वायरी बुडवून पंख्याचा वेग कमी करायचा जुगाड जीवघेणा आहे. २३० व्होल्टवर ते पाणी आणि भांडं दोन्ही शॉक देतात.

उघड्या वायरी सॉकेटमध्ये काडीने खोचू नयेत. प्लग लावावा, आणि ज्या बोर्डावर शॉक बसताच वीज तोडणारा आरसीसीबी असेल तोच वापरावा.

पंख्याला दोन्ही बाजूंनी जाळी हवी. टेबलापुढं लहान मुलं बोटं घालतात, मुलींची वेणी आणि ओढणी ओढली जाऊ शकते.

पंख्याचा कपॅसिटर पंखा बंद केल्यावरही झटका देऊ शकतो, त्याला मुलांनी हात लावू नये. २३० व्होल्टची जोडणी मोठ्या माणसानेच करावी आणि पेटीत हात घालण्याआधी प्लग काढावा.

एवढं सांभाळून पेटी टेबलावर मांडली की परीक्षकांच्या प्रश्नाला घाबरायचं कारण उरत नाही. “सर, झाकण तीन सेंटिमीटर उघडं आहे. चेंडू १० अंश कललाय, म्हणजे वारा सेकंदाला साडेतीन मीटरच्या आसपास. तुम्ही स्वतः मोजून बघता का?” असं म्हणत वही पुढं करता आली, की मॉडेल पुठ्ठ्याचं आहे की प्लायवूडचं, हे कुणी विचारत नाही.